नाताळ अजून संपलेला नाही



आज 4 जानेवारी 2026, प्रभूच्या प्रकटीकरणाचा रविवार, म्हणजे आपल्या बोलण्यातला तीन राजांचा सण. कालच पौर्णिमा झाली. त्यामुळे आजच्या सकाळच्या मिस्सेला पुरुषांची बाके निम्मी रिकामी असणार, हे पत्रक छापायला देतानाच आम्ही सांगू शकतो. उधाण आहे, होड्या दर्यात आहेत. त्याबद्दल आज आम्ही रागावणार नाही. उलट त्याच विषयावर थोडे शिकावे आणि शिकवावे, म्हणून हा लेख.

परवा, 2 तारखेला, एका आजारी आजोबांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही वाड्यात गेलो होतो. वाटेत पाहिले तर निम्म्या घरांवरचे तारे उतरलेले. एका घरी तर गोठा मोडून गवत बाहेर फेकलेले होते आणि बाळ येशू, मरिया, योसेफ वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात चालले होते. तिन्ही राजे मात्र अजून खिडकीत उभे. आम्ही घरातल्या बाईंना म्हटले, "अहो, राजे अजून पोचायचे आहेत, आणि तुम्ही बाळालाच आत ठेवता?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "फादर, नाताळ संपला की हो. एकतीस तारीख पण झाली."

नाताळ संपलेला नाही. ख्रिस्तसभेच्या पंचांगानुसार नाताळचा काळ 24 डिसेंबरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेने सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो. तो सण या वेळी येत्या रविवारी, 11 जानेवारीला आहे. मधले दिवस रिकामे नाहीत. 26 डिसेंबरला संत स्तेफन, पहिला रक्तसाक्षी. 27 ला संत योहान. 28 ला एरवी बेथलेहेमच्या निरपराध बालकांचे स्मरण असते, पण या वेळी त्या दिवशी रविवार आल्यामुळे पवित्र कुटुंबाचा सण झाला. 1 जानेवारीला आपण देवमातेचा सण करतो, फक्त नवे वर्ष नव्हे. इसवी सन 567 मध्ये फ्रान्समधल्या तूर शहरात बिशपांची सभा झाली. ख्रिस्तजन्मापासून प्रकटीकरणापर्यंतचे सर्व दिवस मिळून एकच सणाचा काळ, हे त्या सभेच्या नियमांत दिसते. म्हणजे ही आमची पदरची कल्पना नाही, तिला चौदाशे वर्षांहून अधिक वय आहे.

आपण काय करतो? डिसेंबर लागला की गाणी वाजू लागतात, पार्ट्या होतात, फुगे आणि न्योऱ्या सणाआधीच तोंडात पडतात. आगमनकाळ, जो वाट पाहण्याचा काळ, त्यातच आपण नाताळ करून मोकळे होतो. मग 25 तारखेला जेवून झोपतो, 31 ला जागतो आणि 2 तारखेला तारा उतरवतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांचे काळाविषयीचे विवेचन वाचावे लागे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भूतकाळ आपल्या आठवणीत असतो, भविष्यकाळ आपल्या अपेक्षेत, आणि वर्तमानकाळ आपल्या लक्ष देण्यात. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आता दर डिसेंबरात पटते, की आपल्याला अपेक्षाही धरवत नाही आणि आलेल्या गोष्टीकडे लक्षही देववत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे फादर दरवर्षीच सांगतात. खरे आहे. पण नाताळ एका रात्रीचा मानला, की त्या रात्री जो घरी नसतो त्याचा नाताळ बुडतो. आपल्या गावात ही साधी गोष्ट नाही.

आपले बेट धारावी बेट. (मुंबईची धारावी वेगळी, हे बाहेरच्यांना दर वेळी सांगावे लागते.) उत्तरेला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला गोराई-मनोरीची खाडी आणि पश्चिमेला उघडा दर्या. या बेटाचा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्याही आधी घेतला, पोर्तुगीज गेले, पण आपल्या वाडवडिलांचा धर्म राहिला आणि धंदाही राहिला. तो धंदा डोलीचा. डोल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणे म्हणजे बोंबलाला पोहायला शिकवणे. पण शहरात वाढलेल्या आपल्या नातवंडांसाठी दोन वाक्ये लिहितो. डोल ही मोठ्या पिशवीसारखी जाळी. तिचे तोंड पाण्याच्या ओढीकडे करून ती दर्यात खुंटाला बांधतात, आणि ओढच मासळी आत आणून घालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ओढ जोराची, जाळी भरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद, आणि मग माणसे घरी जाळी शिवतात, लग्न-बारसे उरकतात, झोप काढतात.

आता पाहा. नाताळ हा सूर्याच्या पंचांगावरचा सण. चौथ्या शतकातल्या रोमच्या एका जुन्या पंचांगात तो 25 डिसेंबरला नोंदलेला आढळतो, आणि तेव्हापासून तो त्याच तारखेला आहे. होडी मात्र चंद्रावर चालते. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून दरवर्षी नाताळला चंद्र वेगळ्या जागी असतो. या खेपेस, 25 डिसेंबर 2025 ला शुक्ल पंचमी होती. अमावास्येचे उधाण ओसरले होते, भांग जवळ आला होता, होड्या किनाऱ्याला होत्या आणि चर्च ओसंडून वाहत होते. सगळे म्हणाले, काय छान नाताळ झाला. पण 2023 साली 26 डिसेंबरला पौर्णिमा होती. तो नाताळ आठवतो ना? नवरा दर्यात, बायको पोरांना घेऊन एकटीच रात्रीच्या मिस्सेला, आणि घरात दोन दिवस धुसफूस.

ही गणिते ख्रिस्तसभेला परकी नाहीत. 19 वर्षांनी चंद्राच्या तिथी जवळजवळ त्याच तारखांना परत येतात. याच 19 वर्षांच्या चक्रावरून ख्रिस्तसभा शतकानुशतके ईस्टरचा रविवार काढत आली आहे, कारण ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. 2007 साली 24 डिसेंबरला पौर्णिमा होती. त्यात 19 मिळवा, 2026 येते. या वर्षीच्या डिसेंबरात पौर्णिमा पुन्हा 24 तारखेलाच आहे. म्हणजे येता नाताळ भर उधाणात.

यावर आमचे मत पूर्वी काय होते, ते कबूल केले पाहिजे. या धर्मग्रामात आलो त्या पहिल्या वर्षी, नाताळच्या तोंडावर काही होड्या निघाल्या, तेव्हा आम्ही प्रवचनात कडक बोललो. देवापेक्षा मासळी मोठी झाली का, असे काहीसे शब्द होते. मिस्सा झाल्यावर एक वयस्क मावशी दाराशी थांबल्या. त्या म्हणाल्या, "फादर, तुमचे बरोबर असेल. पण दर्याला नाताळ कळत नाही. होडीचे कर्ज काढलेय, त्याचा हप्ता जानेवारीत पण येतो. माझा पोरगा जाताना रोजरी खिशात घालून गेलाय. त्याला वाईट बोलू नका." आम्ही काही उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन कॉफी प्यायलो, तीही गार झालेली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि तीही याच गावात ऐकली. एक जुने नाखवा आम्हाला म्हणाले, "फादर, ईस्टर पौर्णिमेवर असतो. मग गुड फ्रायडे पण पौर्णिमेच्या जवळच येणार. उधाण तर तेव्हा दरवर्षी असते. आमच्या बापाच्या वेळी त्या दिवशी कोणाची हिंमत होती होडी सोडायची? तेव्हा काय पैसे नको होते?" हिशेब अगदी बरोबर आहे. आम्ही तो करून पाहिला. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून ते नंतरच्या पाच दिवसांत कुठेतरी पडतोच. तरीही त्या दिवशी आपले बंदर शांत असते. मग नाताळला का नाही?

आम्ही यावर बराच विचार केला. गुड फ्रायडेला खर्च नसतो, उपवास असतो. नाताळला मात्र आपणच खर्च वाढवून ठेवला आहे. नवे कपडे सर्वांना, डीजे, फटाके, कुटुंबागणिक सोरपोतेलाचे मोठे पातेले, गोठ्याच्या स्पर्धेसाठी हजारो रुपयांचे थर्माकोल आणि दिवे. सणाचा खर्च भागवण्यासाठी सण सोडून दर्यात जायचे, असे काही घरांत झाले आहे. ज्यांचे पोटच उधाणावर आहे त्यांना आम्ही दोष देत नाही. पण ज्यांना डीजेच्या भाड्यासाठी होडी काढावी लागते, त्यांनी मिस्सेनंतर आम्हाला जरूर भेटावे. रागावणार नाही, हिशेब मांडू.

आता ख्रिस्तसभेचा नियम काय, तो नीट समजून घेऊ, कारण या बाबतीत बरेच गैरसमज आहेत. ख्रिस्तजन्माच्या दिवशी मिस्सेला हजर राहणे हे रविवारसारखेच बंधनकारक आहे. पण कायदेसंहितेच्या 1248 व्या कलमानुसार ते आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही पूर्ण होते. आणि 1245 व्या कलमानुसार योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचा धर्मगुरू एखाद्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला त्यातून सूटही देऊ शकतो. गरजेपोटी दर्यात गेलेला माणूस पाप करून आला, असे समजून पुढचे सहा महिने ख्रिस्तशरीरापासून लांब राहतो, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. असे करू नका. विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

त्याहून महत्त्वाचे असे, की नाताळची मिस्सा एकच नाही. मिस्साग्रंथात ख्रिस्तजन्मासाठी चार वेगवेगळ्या मिस्सा दिलेल्या आहेत: 24 च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीचे शुभवर्तमान वेगळे. संध्याकाळी संत मत्तयकृत शुभवर्तमानातली प्रभूची वंशावळ आणि योसेफाचे स्वप्न. रात्री संत लूकमधला जन्म आणि देवदूतांचा संदेश. दिवसा संत योहानच्या आरंभीचा शब्दाचा उतारा. पहाटेच्या मिस्सेला काय वाचतात? मेंढपाळ आपसात बोलून बेथलेहेमला जायला निघतात, बाळाला पाहतात आणि देवाची स्तुती करत परततात, तो भाग. म्हणून या मिस्सेला पूर्वापार मेंढपाळांची मिस्सा म्हणतात.

आता हे मेंढपाळ त्या रात्री कुठे होते? देवळात नव्हते. संत लूक स्पष्ट सांगतो, ते रानात राहून रात्रीच्या वेळी आपल्या कळपाची राखण करत होते. म्हणजे कामावर होते. बेथलेहेममध्ये घरोघर माणसे झोपली होती, धर्मशाळा भरल्या होत्या, आणि देवदूत मात्र रात्रपाळीवरच्या माणसांकडे गेला. ती गेली ती आपला पहारा आटोपून की सोडून, हे लूक सांगत नाही. परत आली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली, एवढे मात्र धरायला हरकत नसावी. आम्ही हा उतारा वीस-बावीस वर्षे वाचतो आहोत. पण त्या मावशींच्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून तो आम्ही येथे आल्यावरच वाचला.

आणि आजचे शुभवर्तमान घ्या. मागी लोक पूर्वेकडून आले. संत मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, तीन होते असेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही तीन दाने होती, त्यावरून परंपरेने तीन धरले. राजे हा शब्द यशया आणि स्तोत्रसंहितेतल्या वचनांवरून आला. ते आले तेव्हा गोठ्याचा उल्लेख नाही. मत्तय म्हणतो, ते घरात गेले. हेरोदाने दोन वर्षांच्या आतली मुले मारण्याचा हुकूम दिला, त्यावरून कदाचित बराच काळ लोटला असावा. थोडक्यात, त्यांची नाताळची रात्र हुकली होती. ते उशिरा पोचले, आणि ख्रिस्तसभेने त्यांच्या उशिरा पोचण्याचा वेगळा मोठा सण केला. आपल्या भारतात तो 2 ते 8 जानेवारीमधल्या रविवारी येतो.

आपल्याच बेटावर हे सारे लिहून ठेवले आहे आणि आपण रोज त्यावरून बसने जातो. डोंगरीचे चर्च बेथलेहेमच्या माऊलीचे. गोराईचे चर्च तीन राजांचे. उत्तनचे समुद्राच्या माऊलीचे. कोणी ठरवून असे केले की नाही, या वादात आम्ही पडत नाही. पण डोंगरीहून गोराईला जाणारा माणूस नाताळच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कांसावलीच्या बाजूला तीन राजांच्या सणाला मुलगे राजे बनून निघतात, ते पाहायला आपली माणसे गाड्या करून जातात. गोराई तर हाकेच्या अंतरावर आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 25 तारखेच्या संध्याकाळी आम्ही बंदरावर गेलो होतो. होड्या नांगरलेल्या, नाखवा मंडळी घरी पाहुण्यांत. होडीवर खलाशी होते, राखणीला. कोणी डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण, दोघे उत्तर प्रदेशाचे. स्टोव्हवर भात शिजत होता. आम्ही नेलेले कुलकुल आणि केक त्यांनी फार संकोचाने घेतले. मग त्यातल्या एकाने वाड्यातल्या घरांवर लुकलुकणाऱ्या ताऱ्यांकडे बोट दाखवून हिंदीत विचारले, "फादर, ये तारा किसलिए लगाते हैं?" तो आपल्या गावात तिसऱ्या हंगामाला काम करतो आहे. आपल्या जाळ्याला त्याचा हात लागतो, आपल्या मुलांच्या शाळेची फी त्याच्या घामातूनही भरली जाते. तीन नाताळ त्याने तो तारा पाण्यावरून पाहिला, आणि तो कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही.

त्याला ख्रिस्ती करा, असे आम्ही म्हणत नाही, तसा अर्थ कोणी काढू नये. प्रकटीकरण या शब्दाचा अर्थच असा, की बाळ येशू परक्यांना दिसला, दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसांना, ज्यांनी तारा दुरून पाहिला होता. त्यांना घरात घेतले गेले. मरियेने त्यांना दारातून परत पाठवले नाही. आपण आपल्या खलाशाला नाताळच्या दिवशी घरात बोलावून पानावर बसवतो का, की डबा होडीवर पाठवतो? काही घरे बोलावतात, आम्हाला माहीत आहे, आणि ती घरे श्रीमंत नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी ग्रेच्चो येथे गोठ्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. संत फ्रान्सिसने 1223 साली पहिला गोठा केला तो याच गावी. त्या पत्रात पोप म्हणतात, की गोठ्यात लोहार, पाववाला, पाण्याची भांडी नेणाऱ्या बायका, खेळणारी मुले अशी रोजच्या जगण्यातली माणसेही असावीत. तेव्हा पुढच्या वेळी युवक मंडळाने गोठ्यात थर्माकोलचा बर्फ घालण्याऐवजी एक डोल, एक बोंबलांची वलांडी आणि होडीवर भात शिजवणारा एक खलाशी ठेवला, तर आम्हाला तरी त्यात काही गैर दिसणार नाही. बेथलेहेमला बर्फ किती पडतो ते माहीत नाही, आपल्याकडे मात्र पडत नाही.

घरच्या गोठ्याबद्दल एक साधी पद्धत सुचवतो. राजांना 25 तारखेलाच बाळाजवळ उभे करू नका. दूर, खिडकीत किंवा टीव्हीवर ठेवा, आणि मुलांना रोज एक वीत पुढे सरकवू द्या. आजच्या दिवशी ते पोचतील. ज्या घरी गोठा अजून आहे, त्यांनी तो पुढच्या रविवारपर्यंत राहू द्यावा. ज्यांनी मोडला त्यांनी निदान तारा परत लावावा. सेल्फ-हेल्पच्या भगिनींनी राखून ठेवलेला केक आज संध्याकाळी पाच वाजता बंदरावर नेणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, खलाश्यांना हिंदीत गोष्ट सांगू शकणारी दोन मुले हवी आहेत.

आणि डिसेंबरविषयी. 24 डिसेंबर 2026 ला गुरुवार आहे आणि पौर्णिमा आहे. धर्मग्राम परिषदेशी बोलून आम्ही असे ठरवले आहे, की त्या वर्षी रात्रीच्या मिस्सेखेरीज दोन मिस्सा वाढवायच्या: निघणाऱ्या होड्यांसाठी 24 च्या संध्याकाळची आणि परत येणाऱ्यांसाठी 25 ची पहाटेची. घड्याळाची वेळ आत्ता देत नाही, ती पाणी पाहून ठरवावी लागेल. ज्या नाखवांना त्या दिवसांत होडी काढावीच लागणार आहे, त्यांनी 29 नोव्हेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्सेनंतर ऑफिसात येऊन होडीचे नाव आणि निघण्याची वेळ सांगावी. बरोबर किती खलाशी आहेत, तेही सांगावे.